उशीर माझा, नाव त्याचं

ही गोष्ट मी अजून कुणापाशी बोललेलो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही. आणि वैशालीपासून माझं तसं काही लपत नाही. दुकानात दिवस कसा गेला हे ती मी चपला कशा काढतो त्यावरून ओळखते. पण हे तिला माहीत नाही. वडलांना माहीत नव्हतं. ज्याच्याशी मी हे केलं, त्याला तर आजही माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कारण तुम्ही समोर बसलेले नाही. समोर कुणी असलं की माझी गोष्ट ऐन वेळी दुसऱ्याच बोळात शिरते. इतकी वर्षं तेच झालंय.

कुठून सुरू करू? घरापासून करतो. जुळे सोलापुरात आमचा फ्लॅट आहे. फार मोठा नाही, पण हवेशीर. पाहुणे येतात, गॅलरीत उभे राहतात, म्हणतात, "छान घेतलंत हो." मी हसतो. कर्जावर घेतलाय, हप्ता वेळेवर जातो. आता जातो. एके काळी दुसऱ्याच एका कर्जाचा जात नव्हता, आणि त्या न गेलेल्या हप्त्यांची ही गोष्ट आहे. नाही, हेही पुरतं खरं नाही. बघा, परत बोळात शिरलो. ही हेव्याची गोष्ट आहे. हप्ते निमित्ताला होते.

माझे वडील, अण्णा, कुंभारीच्या शाळेत मास्तर होते. आम्ही राहायचो सोलापुरात, ते रोज एसटीनं जाऊन-येऊन करायचे. त्यांच्या वर्गात मल्लिनाथ नावाचा मुलगा होता. माझ्याच वयाचा. त्याच्या घरी कानडी. पहिल्यांदा शाळेत आला तेव्हा त्याला मराठी धड बोलता येत नव्हतं. अण्णांनी त्याला मराठी शिकवलं, आणि शिकवता शिकवता त्याच्याकडून आपण कानडी शिकले. संध्याकाळी घरी आले की पाय धुता धुता मला विचारायचे, "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का. आणि स्वतःवरच खूश होऊन हसायचे.

मला ते फार लागायचं. तुम्ही म्हणाल, त्यात लागण्यासारखं काय? मला अण्णांनी पुष्कळ शिकवलं हो. पण माझ्याकडून ते कधी काही शिकले नाहीत. विचारत मला होते, आणि शब्द मल्लूचे होते.

सुट्टीत तो आमच्याकडे राहायला यायचा. आई त्याचं ताट माझ्या शेजारी मांडायची. अण्णा त्याचा निबंध आईला मोठ्यानं वाचून दाखवायचे. गुण माझे जास्त असायचे, नेहमीच, पण माझा निबंध त्यांनी कधी वाचून दाखवला नाही. एकदा मी धीर करून विचारलं. म्हणाले, "तुझं बरोबर असतं रे. त्याचं खरं असतं." त्यांनी ते सहज म्हटलं असणार. मी काही ते सहज घेतलं नाही.

मल्लिनाथ वाईट असता तर सोपं गेलं असतं. चोरटा असता, लाघवी असता, अण्णांच्या पुढेपुढे करणारा असता — मग मी त्याचा उघड राग केला असता आणि मोकळा झालो असतो. पण तो तसा नव्हता. त्याला कधी कळलंही नाही की मी त्याच्याशी कसल्यातरी शर्यतीत आहे. एकट्यानं धावायची शर्यत, आणि तीही हरायची. विचार करा.

पुढे मी बी.कॉम. झालो आणि शाळेच्या युनिफॉर्मचं दुकान टाकलं. सोलापुरात युनिफॉर्म शिवणारे गल्लोगल्ली, माल गावातच मिळतो. मे-जूनमध्ये कमवायचं आणि वर्षभर त्यावर राहायचं. मल्लिनाथ बारावीला थांबला. घरची जबाबदारी आली, इकडेतिकडे नोकऱ्या करत राहिला. येणं-जाणं कमी झालं. मला बरं वाटलं होतं. अण्णा अधूनमधून विचारायचे, "मल्लूचं काय चाललंय रे?" मी म्हणायचो, "असेल कुठंतरी."

मग लॉकडाऊन आलं. त्या वर्षीच्या हंगामासाठी मी एका फायनान्स कंपनीचं कर्ज काढून दुकान भरलं होतं. चड्ड्या, शर्ट, फ्रॉक, टाय, सगळं छतापर्यंत. आणि शाळाच उघडल्या नाहीत. घरी बसून मोबाइलवर शिकणाऱ्या पोराला युनिफॉर्म कशाला लागतो? हप्त्याची सवलत होती तोवर निभावलं. ती संपली आणि मी मागं पडायला लागलो. आज भरू, उद्या भरू. कंपनीचे फोन यायला लागले. मी फोन उलटा ठेवायला लागलो.

एक दिवस दारात वसुलीचा माणूस आला. डोक्यावर हेल्मेट, गळ्यात ओळखपत्र. हेल्मेट काढलं तर मल्लिनाथ.

"यादीत तुझं नाव बघितलं," तो हळू आवाजात म्हणाला. "म्हणलं, हितं मीच जातो. दुसरा कुणी येऊन सरांसमोर कायबाय बोलला तर कसं?"

वसुलीचा माणूस आल्यावर घर उजळतं, असं कुठं बघितलंय तुम्ही? आमचं उजळलं. अण्णा आतून काठी टेकत टेकत धावले — धावलेच म्हणायचं. "मल्लू! ऊटा आयता?" आई गेल्यापासून त्या घरात असा आवाज मी ऐकला नव्हता. वैशालीनं पाहुण्यांच्या कपात चहा आणला, वर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. ती त्याला तेव्हा पहिल्यांदा भेटत होती. अर्ध्या तासात मल्लिनाथ भाऊजी म्हणायला लागली. आणि मी? मी त्या घरातला थकबाकीदार. खुर्चीच्या टोकावर बसलेलो.

तो दर महिन्याला यायला लागला. गाडी आमच्या दारात लावायचा नाही, पार बोळाच्या तोंडाशी लावून चालत यायचा. शेजाऱ्यांना कळू नये म्हणून. ते मला दिसायचं, आणि उपकार वाटण्याऐवजी आतून काहीतरी चावायचं. पैसे नसले तर तो मला बाजूला घेऊन म्हणायचा, "बघ, पुढच्या आठवड्यात जमतंय का. पण जमव श्रीकांत, उशीर झाला की तितं नोंद होती, ती मग लवकर पुसत न्हाई." कधीच आवाज चढवला नाही. मग अण्णांना पेपर वाचून दाखवायचा, कारण अण्णांना मोतीबिंदूमुळं अक्षरं लागत नव्हती. पेपर मीही वाचून दाखवू शकलो असतो. दाखवला का? नाही. पण तो वाचायला बसला की वाटायचं, माझ्या खुर्चीत बसलाय.

सगळे हप्ते मी उशिरानंच भरले. एक सोडून. त्या महिन्यात वैशालीनं आपल्या भिशीचे पैसे पुढं केले आणि मी मल्लिनाथच्या हातात वेळेवर रोख दिली. नेमकी तेव्हा त्याची आई दवाखान्यात होती. त्या धावपळीत त्यानं ती रक्कम दुसऱ्याच एका श्रीकांतच्या कर्जावर भरली. पुढच्या खेपेला तो आपणहून सांगायला आला. अण्णांसमोर. अक्षरशः कान धरून.

"चूक झाली सर. याचं पैसं दुसऱ्याच्या नावावर गेलं. मी हिशेब नीट करून घेतलाय, पण तेवढा एक महिना उशीर दाखवतंय."

मला राग यायला हवा होता ना? आला नाही. हेवा वाटला. कारण अण्णा काय म्हणाले असतील? "आपली चूक सांगायला स्वतः चालत येणारा माणूस मी आयुष्यात फार पाहिलेला नाही." हप्ता चुकवून मी त्यांच्या नजरेतून उतरत होतो, आणि हा चूक करून वर चढत होता. हे गणित मला कधीच सुटलं नाही.

त्यानंतर अण्णांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. शाळा परत सुरू झाल्या होत्या, ऐन हंगाम, मला दुकान सोडून हलता येईना. दवाखान्याचे पैसे मी भरले. न्यायला-आणायला मल्लिनाथ गेला. पट्टी काढली तेव्हा समोर तो उभा होता. अण्णा नंतर येईल त्याला सांगायचे, "नव्या डोळ्यानं पहिलं कुणाला बघितलं? मल्लूला!" आल्यागेल्याला, दूधवाल्याला, माझ्या गिऱ्हाइकांना. पैसे कुणी भरले हे कुणी विचारत नव्हतं, आणि ते आपल्या तोंडानं कसं सांगणार?

दुकान सावरलं. दोन हंगाम चांगले गेले. राहिलेलं कर्ज मी सगळं फेडलं, आणि आम्ही फ्लॅट बघायला लागलो. अण्णांना जुन्या घराचा जिना झेपत नव्हता. नव्या इमारतीला लिफ्ट होती. बँकेत गेलो. साहेबांनी क्रेडिट रिपोर्ट काढला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "कर्ज फेडलंय ते ठीक. पण हे उशीर बघा किती आहेत. वर्षभर थांबा, एखादं छोटं कर्ज घेऊन वेळेवर भरा, मग या. नाही म्हणत नाही मी."

नाही म्हणत नाही मी. हे त्यांचं वाक्य मला नीट आठवतं, म्हणून मुद्दाम सांगतोय. पुढं मी जे केलं ते नाइलाजानं केलं असं तुम्हाला वाटायला नको. वर्षभर थांबलो असतो तर चाललं असतं. तो फ्लॅट गेला असता, दुसरा मिळाला असता.

घरी येऊन मी हे बोललो, तर अण्णा लगेच म्हणाले, "मल्लूला विचार. त्याचं रोजचं काम आहे ते." आणि त्यांनीच फोन लावला.

तो आला. माझ्या मोबाइलवर रिपोर्ट उघडून त्यानं एकेक महिना दाखवला. तक्रार कुठं करायची, ती कंपनीकडं कशी जाते, कंपनीला ठरलेल्या मुदतीत उत्तर कसं द्यावं लागतं, सगळं समजावलं. मग त्या एका महिन्यावर बोट ठेवलं. "ह्यो माझ्यामुळं झालेला हाय. ह्याची तक्रार कर, माझं नाव घाल, मी तितं व्हय म्हणतो. तेवढा नक्की दुरुस्त हुईल."

"आणि बाकीचे?" मी विचारलं.

"बाकीचं खरं हायत की." तो हसला. त्यात टोमणा नव्हता. "ते राहू देत. हितनं पुढं वेळेवर भरत गेलास की जुनं मागं पडतं."

अण्णा माझ्याकडं बघून म्हणाले, "बघ. किती सरळ सांगतोय." आणि मग, खुशीत, चेष्टेत — मला कळत होतं की चेष्टा आहे — म्हणाले, "मल्लू, नवं घर झालं की एक खोली तुझी. याचं काय, हा दिवसभर दुकानात. घराला माणूस पाहिजे."

सगळे हसले. वैशाली हसली, मल्लिनाथ लाजला. मीही हसलो.

घराला माणूस पाहिजे. मग मी कोण होतो?

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी मोबाइल काढला आणि तक्रार लिहायला बसलो. त्या एका महिन्याचं लिहिलं. ते खरं होतं. मग माझा अंगठा थांबला नाही. मी लिहिलं की त्या सगळ्याच महिन्यांत मी रोख रक्कम वेळेवर तुमच्या वसुली कर्मचाऱ्याच्या हातात दिली होती, आणि त्यानं ती आपल्याजवळ ठेवून उशिरा भरली. नाव लिहिलं. मल्लिनाथ. पूर्ण नाव, आडनावासकट. पुरावा म्हणून काय जोडलं? त्याचीच ती कबूल केलेली चूक. एक महिना त्यानं मान्यच केला होता. बाकीचे त्या एकाच्या आधारानं उभे राहिले.

कर्जासाठी केलं असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते खोटं आहे. पाठवायचं बटण दाबताना माझ्या डोळ्यांसमोर फ्लॅट नव्हता. अण्णांचा चेहरा होता. हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा कसा होईल, ते मला बघायचं होतं.

कंपनीनं मला शाखेत बोलावलं. मला वाटलं होतं कागदोपत्री होईल, समोरासमोर यावं लागणार नाही. गेलो तर साहेबांच्या टेबलाशी मल्लिनाथ आधीच उभा. मला बघून त्यानं मान हलवली, ओळखीची. साहेब तरुण होते, घाईत होते. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही या सगळ्या महिन्यांत यांच्याकडं वेळेवर पैसे दिले होते?"

परत फिरायला तेवढी जागा होती. एक श्वासभर. मल्लिनाथ माझ्याकडं बघत होता. घाबरून नाही, आठवण्याचा प्रयत्न करत.

"हो," मी म्हणालो.

साहेब त्याच्याकडं वळले. मी तयारीत होतो. तो ओरडेल, मला खोटा म्हणेल, मग मीही आवाज चढवीन. तो म्हणाला —

"मला तसं आठवत न्हाई साहेब. मी तर ते उशीर खरंच समजत हुतो. पर त्यो दिलं म्हणतोय म्हंजे दिलं असणार. आमच्या सरांचा मुलगा हाय. खोटं न्हाई बोलायचा. त्या वर्षी आईच्या दुखण्यात माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, लई घरांचं पैसं हातात असायचं. माझ्याच हातनं झालं असंल."

तुम्हाला वाटेल, इथं माझं काळीज फाटलं असेल. मीही तसं लिहिणार होतो. पण तसं झालं नाही. त्या टेबलापाशी उभं राहून मला पुन्हा हेवाच वाटला. एखाद्यावर इतका भरवसा टाकता येतो? स्वतःच्या आठवणीपेक्षा जास्त? आणि तोही माझ्यावर नाहीच. सरांच्या मुलावर. तिथंही मी अण्णांच्याच नावानं खरा ठरलो.

माझा रिपोर्ट दुरुस्त झाला. सगळे महिने स्वच्छ. बँकेनं कर्ज दिलं. मल्लिनाथला कंपनीनं काढलं, आणि राहिलेला पगारही अडकवून ठेवला. घरी मी एवढंच सांगितलं, की साहेबांसमोर त्यानं सगळं कबूल केलंय.

काही दिवसांनी तो घरी आला. पायी. माझी माफी मागायला. "माझ्यामुळं तुझं नाव खराब झालं श्रीकांत, तुला कर्जाला त्रास झाला. मनात ठिवू नगंस." असं म्हणाला. आणि मी काय म्हणालो? मी म्हणालो, "असू दे." मी त्याची माफी घेतली. हातात दिलेल्या नोटा घ्याव्यात तशी घेतली.

मग तो अण्णांच्या पाया पडायला वाकला. अण्णांनी पाय मागं घेतले.

"एक चूक मी समजू शकतो," अण्णा म्हणाले. "पण इतके महिने? लोकांचा पैसा जवळ ठेवलास? आणि माझ्यासमोर बसून पेपर वाचत होतास?"

"सर, मुद्दाम न्हाई —"

"आता येऊ नकोस तू."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा होतो. हेच बघायचं होतं ना मला? बघितलं. आणि — हे लिहिताना हात अडतोय, पण लिहितो — मला आनंद झाला. थोडा वेळच, पण खरा. लहानपणापासून ज्याची वाट बघत होतो ते मिळाल्यासारखा. मल्लिनाथ पायऱ्या उतरून गेला. वैशाली रडत होती. संध्याकाळी तिनं विचारलं, "तुम्ही नीट आठवून बघितलंत ना? भाऊजी तसे वाटत नाहीत." मी तिच्यावर इतका भडकलो की तिनं परत कधी विषय काढला नाही.

आम्ही नव्या घरात आलो. लिफ्ट होती, गॅलरी होती, सकाळचं ऊन यायचं. मला वाटलं होतं, आता अण्णा माझे होतील. माणूस इतका मूर्ख असू शकतो. ते माझे झाले नाहीत. ते फक्त गप्प झाले. डोळे बरे झाले होते, तरी पेपर मी वाचून दाखवायचो, ते ऐकायचे, मध्येच म्हणायचे, "राहू दे." त्या घरात त्यांनी एकदाही कानडी शब्द उच्चारला नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात ते अंथरुणाला खिळले. एकदा मी त्यांची नखं काढत होतो. वैशाली बाहेर गेली होती, घरात आम्ही दोघंच. ते छताकडं बघत म्हणाले, "इतकी मुलं शिकवली मी. माणूस ओळखायला चुकलो नाही कधी. एक मल्लू सोडून."

त्यांचा हात माझ्या हातात होता. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं — अण्णा, तुम्ही चुकला नव्हता. इतकंच. पुढचं त्यांनी ओळखलं असतं, मास्तर होते. मी पुढचं बोट धरलं आणि नख काढलं.

काही दिवसांनी ते गेले. आपण आयुष्यात एकाच माणसाला ओळखायला चुकलो असं समजून गेले, आणि त्याला ओळखायला ते जराही चुकले नव्हते. कुणाला चुकले होते, तो त्यांच्या उशाशी बसला होता.

मल्लिनाथला कुणी सांगितलं माहीत नाही. तो आला. घरात आला नाही, येऊ नकोस म्हटलं होतं ना. इमारतीच्या फाटकाबाहेर उभा राहिला. वाटेत कुणीतरी खांदा बदलायला माणूस शोधत होतं तेव्हा तो पुढं झाला. मी पुढं मडकं धरून चाललो होतो. मागं वळून बघायचं नसतं. पण कळलं मला.

आता तो अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. गाडीचे हप्ते थकले म्हणून गाडी गेली. त्याच्या रिपोर्टवर आता त्याचे स्वतःचे उशीर आहेत, आणि ते सगळे खरे आहेत.

यंदा जूनमध्ये तो दुकानात आला. मुलीला घेऊन. ती पाचवीत गेली होती. दुकानात गर्दी होती. तो मागं उभा राहिला, आपली पाळी येईपर्यंत. फ्रॉकची मापं झाली. मी म्हणालो, पैसे राहू देत. तो म्हणाला, "तसं नगं," आणि खिशातून नोटा काढून मोजून ठेवल्या. मुलगी टाय गळ्याला लावून आरशात बघत होती. तेवढ्यात तो काउंटरवर वाकला आणि हळूच विचारलं,

"श्रीकांत, सर शेवटी माझ्याबद्दल काय म्हणलं का रं? राग गेला हुता का त्यांचा?"

बघा. त्यानं स्वतः दार उघडून दिलं होतं. आता अण्णाही नव्हते, कुणाचा चेहरा बघायचा नव्हता. सांगून टाकता आलं असतं.

मी म्हणालो, "गेला होता. मला म्हणाले, मल्लूला सांग, मी माफ केलंय त्याला."

तो काउंटरला हात टेकून तसाच उभा राहिला. डोळे भरले होते, पण चेहरा मोकळा झाला होता. इतका मोकळा की मला तोही बघवेना. "लई बरं झालं बघ," म्हणाला. "लई दिवस तेवढंच लागून हुतं." मग पोरीला हाक मारली, पिशवी घेतली आणि गर्दीतून वाट काढत दोघं गेले.

मी पुढच्या गिऱ्हाइकाला विचारलं, "कुठली शाळा?"